गोल्फचा चिप शॉट बिघडतोय? ओहोटीला पुळणीवर या

नमस्कार मंडळी! मागे सुरूचं बन, पुढे गुहागरचा समुद्र आणि हातात सँड वेज, म्हणजे वाळूतून बॉल काढायचा गोल्फचा क्लब (काठी). हसा खुशाल. मघाशी रापण ओढणारे काकाही हसले, "हॉकी काय रे?" म्हणाले.

पण ब्रिटिश ओपन ही गोल्फची मोठी स्पर्धा तीन वेळा जिंकणारा सेव्ह बायेस्तेरोस लहानपणी स्पेनमधल्या पेद्रेन्याच्या किनाऱ्यावर थ्री आयर्न या एकाच क्लबने तासन्‌तास खेळत शिकला. म्हणजे 'कोर्स लांब आहे' ही आपली सबब गेली.

चिप म्हणजे ग्रीनजवळून, होलभोवतीच्या बारीक गवताजवळून, मारलेला छोटा फटका. तो बिघडतो, कारण आपण बॉल उचलायला जातो. वजन मागच्या पायावर, ऐनवेळी मनगटाचा झटका. मग क्लब आधीच जमिनीत रुततो, नाहीतर बॉलच्या पोटात बसतो आणि बॉल ग्रीनपार. अहो, उचलायला लॉफ्ट, म्हणजे क्लबच्या तोंडाचा तिरकेपणा, आहे ना! सँड वेजला 54-56 अंश उगीच देतात का?

(कॅमेरा वाळूवर)

पाणी नुकतंच सरकलंय, वाळू ओली आणि घट्ट. टाचेने ही लांब रेघ ओढली. बॉल नाहीच. पाय जवळजवळ, रेघ दोन्ही पायांच्या मधून, वजन पुढच्या पायावर. उजव्यांचा तो डावा. हात रेघेच्या किंचित पुढे. आता रेघेच्या कडेकडेने सरकत दहा वेळा क्लब फिरवायचा.

(जवळून)

ही बघा माझी तिसरी खूण. रेघेच्या चार बोटं मागे! इथे वजन मागे राहिलं. पाचवी बरोबर रेघेवर सुरू झालीय, तशी हवी. मैदानावर गवताला दोष देता येतो, इथे नाही.

आता वर, कोरड्या वाळूत. हा झाला बंकर, म्हणजे कोर्सवरचा वाळूचा खड्डा. इथे उलटं: क्लबचं तोंड उघडं, म्हणजे आभाळाकडे वळवलेलं, आणि बॉलच्या दोन-तीन बोटं मागे मुद्दाम वाळूत शिरायचं. वेजच्या तळाला फुगवटा असतो, त्याला बाउन्स म्हणतात. होडीच्या तळासारखा तो वाळूवरून सरकतो, रुतत नाही. मात्र हाच उघडा क्लब ओल्या वाळूवर आपटलात, तर उसळून बॉल थेट समुद्रात.

बॉल टाकायला लक्ष्य हवं? करवंटी पुरा. खरं होल 108 मिलिमीटरचं असतं, फार फरक नाही. आसपास माणसं असतील तर बॉल बाहेरच काढू नका, आणि नेलेत तेवढे मोजून परत आणा.

घरी गेल्यावर वेज गोड्या पाण्याने धुवा, खारं पाणी लोखंड खातं. उद्याची ओहोटी आजच्यापेक्षा साधारण 50 मिनिटं उशिरा. गजर तसा लावा.