पार्टीत तुमचं काम नेमकं काय? बाल्डर्स गेट ३ आणि समोरच्याची टर्न खाणं

नमस्कार मंडळी. आज बिल्डबद्दल, म्हणजे कॅरेक्टर कसं घडवायचं याबद्दल, बोलणार नाहीये, कुठली तलवार भारी ते पण नाही. आज बोलायचंय ते चौघांच्या पार्टीत कोणी काय करायचं याबद्दल, आणि त्यासाठी बाल्डर्स गेट ३ हा आळीपाळीने टर्न घेत लढायचा व्हिडिओ गेम घेतोय, कारण आम्ही चौघं कित्येक महिने रात्री साडेदहानंतर हाच गेम को-ऑपमध्ये, म्हणजे एकाच बाजूने मिळून, खेळतोय. मी इथे ठाण्यात वर्तकनगरला, मामेभाऊ कळव्याला, एक मैत्रीण ऐरोलीला आणि एक मित्र खारघरला. चौघांची नोकरी, चौघांची लोकल, त्यामुळे आठवड्यातून दोनच रात्री मिळतात. त्यातली एक अख्खी रात्र आम्ही एकाच फाईटमध्ये घालवली. गॉब्लिन नावाच्या छोट्या राक्षसांचा कॅम्प, त्यांचा म्होरक्या ड्रोर रॅग्झलिनचा दरबार, चौथी लेव्हल, तीनदा हरलो.

(स्क्रीनवर: रॅग्झलिनचा दरबार, सगळे जमिनीवर पडलेले)

हे बघा. तिसऱ्यांदा. आता गंमत म्हणजे आमच्यात कोणी नवीन नव्हतं आणि रोल पण ठरलेले होते. मी फायटर, हातात ढाल, म्हणजे मी टँक, मार अंगावर घेणारा. मैत्रीण क्लेरिक (देवाच्या शक्तीने मंत्र टाकणारी), म्हणजे ती हीलर, बाकीच्यांना बरं करणारी. मामेभाऊ विझार्ड (जादूगार) आणि खारघरवाला रोग (लपून वार करणारा चोर), म्हणजे ते दोघं डॅमेज, मारणारे. अगदी व्यवस्थित वाटतंय ना? आम्हालाही वाटलं होतं. मी पुढे जाऊन छाती काढून उभा राहिलो आणि गॉब्लिन माझ्या बाजूने वळसा घालून सरळ विझार्डवर गेले, क्लेरिकची प्रत्येक टर्न त्याला हील करण्यात गेली, रोगने एकाला फटका मारला, मी दुसऱ्याला, विझार्डने तिसऱ्याला, म्हणजे सगळे अर्धे-अर्धे जखमी आणि मेला कोणीच नाही, आणि तेवढ्यात एक जण पळत जाऊन ढोल बडवून आला. या कॅम्पात ढोल वाजला की बाकीचे पण धावून येतात. संपलं.

तर चुकलं कुठे? आम्ही दुसऱ्याच गेमचे रोल उचलून इथे आणले होते.

टँक, हीलर, डॅमेज ही जी तिकडी आहे ती पक्की झाली ऑनलाईन एमएमओ गेम्समध्ये, म्हणजे जिथे हजारो जण एकत्र खेळतात तिथे. १९९९ चं एव्हरक्वेस्ट, मग २००४ चं वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट. फायनल फँटसी १४ खेळत असाल तर तिथे चार जणांच्या डन्जनला गेमच तुम्हाला एक टँक, एक हीलर, दोन डॅमेज असं बसवून देतो. पण तिथे ते चालतं कारण टँककडे राक्षसाचं लक्ष स्वतःवर ओढून घ्यायची सोय असते. टॉन्ट असतो, आतमध्ये थ्रेटचा हिशोब चालू असतो, ज्याचा थ्रेट जास्त त्याच्यावर राक्षस धावणार. बाल्डर्स गेट ३ चालतो डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांवर, आणि तिथे असा थ्रेटचा मीटरच नाहीये. गॉब्लिनला जो सोपा वाटतो त्याच्याकडे तो जातो. माझ्या ढालीकडे त्याने का यावं? मैदानात बिनचिलखताचा विझार्ड उभा असताना तुम्ही तरी ढालवाल्याला माराल का?

म्हणून मी आता रोलचा विचार वेगळा करतो. रोल म्हणजे तुमचा क्लास (फायटर, विझार्ड वगैरे) नाही. रोल म्हणजे या राऊंडला (सगळ्यांची एकेक टर्न झाली की एक राऊंड) समोरच्याची कोणती टर्न तुम्ही खाणार, म्हणजे त्याला घेऊच देणार नाही. बाकी सगळं याच्यातूनच येतं.

आधी एक हिशोब बघू, वही-पेन घेऊन केलेला. समजा समोर चार गॉब्लिन, प्रत्येकाचे १२ एचपी, म्हणजे जीव जाईपर्यंतचे पॉइंट. आपण चौघं, प्रत्येक जण राऊंडला ३ डॅमेज करतो, म्हणजे पार्टीचे मिळून १२. आपली टर्न आधी, मग त्यांची. आता प्रत्येकाने आपापला गॉब्लिन धरला तर पहिल्या तीन राऊंडमध्ये कोणीच मरत नाही, चौथ्यात सगळे एकदम मरतात, तोपर्यंत त्यांनी आपल्याला ४ आणि ४ आणि ४, असे १२ वेळा मारलेलं असतं. तेच चौघांनी मिळून एकालाच धरलं तर पहिल्या राऊंडनंतर तिघे उरतात, मग दोघे, मग एक, मग कोणी नाही. ३ अधिक २ अधिक १, म्हणजे ६. तेवढंच डॅमेज, त्याच तलवारी, आणि मार निम्मा. हीलिंगचा एक थेंब न वापरता.

कारण काय, तर १ एचपी उरलेला गॉब्लिन पण पूर्ण जोरानेच मारतो. जखमी झाला म्हणून त्याचा भाला बोथट होत नाही.

ज्यांनी लहानपणी कबड्डी खेळली असेल त्यांना हे पटकन कळेल. समोरच्या सात जणांना थोडं थोडं दमवून काही मिळत नाही, गडी बाद व्हावा लागतो, बाद झाला की बाहेर, मग समोरची साखळी तुटते, कोपरा उघडा पडतो आणि पुढची चढाई सोपी होते. लोण असाच चढतो, एकेक करून. आणि पकड करताना पण बघा, डाव्या कोपऱ्याने एकट्याने घोटा धरला तर चढाईपटू ओढून नेतो, शेजारचा लगेच वरून पडला तर तो जागचा हलत नाही. आम्ही तीन वेळा काय केलं, तर चौघांनी चार वेगवेगळ्या चढाईपटूंचे घोटे धरले.

आता एकेक काम बघू.

पुढे उभा राहणारा. मी इतके दिवस समजत होतो की माझं काम मार खाणं आहे. तसं नाहीये, माझं काम रस्ता अडवणं आहे. या गेममध्ये तुमच्या हाताच्या अंतरात आलेला शत्रू तिथून निघून जायला लागला की तुम्हाला फुकटचा एक फटका मिळतो, त्याला अपॉर्च्युनिटी अटॅक म्हणतात, पण त्याला रिअ‍ॅक्शन लागते आणि रिअ‍ॅक्शन राऊंडला एकच. म्हणजे मोकळ्या मैदानात पाच जण माझ्या बाजूने गेले तर मी एकालाच मारू शकतो. दारात उभा राहिलो तर बाजूने जायला जागाच नाही. संध्याकाळी ठाणे स्टेशनला ट्रान्स हार्बरच्या प्लॅटफॉर्मकडे उतरायच्या जिन्यावर दोन माणसं मोठ्या बॅगा घेऊन थांबली की मागे काय होतं माहितीये ना सगळ्यांना? ते करायचंय. एकदम ताकदवान माणूस नको, बरोबर जागी उभा असलेला माणूस हवा.

आणि दुसरी गोष्ट, मी ज्याच्या शेजारी उभा राहतो त्याच्यावर आमच्या रोगचा स्नीक अटॅक लागतो. लपून मारायलाच पाहिजे असं नाही, टार्गेटच्या जवळ आपला माणूस असला तरी चालतं. तिसऱ्या-चौथ्या लेव्हलला ते जास्तीचे दोन सहा बाजूंचे फासे असतात, म्हणजे सरासरी ७. आमचा खारघरवाला बिचारा लांब एका कोपऱ्यात एकट्या गॉब्लिनला बाण मारत बसला होता आणि दर टर्नला ते ७ वाया घालवत होता. त्याची चूक नव्हती, मी त्याच्या टार्गेटपाशी गेलोच नव्हतो.

आता हीलर. इथे जरा थांबूया, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि मला खरंच वाईट वाटतं जेव्हा को-ऑपमध्ये क्लेरिक घेतलेल्या माणसाला बाकीचे "अरे हील कर ना, हील कर ना" म्हणून चारही बाजूंनी ओरडत असतात. आमच्या मैत्रिणीला आम्ही तेच केलं. क्युअर वून्ड्स हे बरं करायचं स्पेल, म्हणजे मंत्र, टाकायला अख्खी अ‍ॅक्शन (टर्नमधलं मुख्य काम) जाते आणि मिळतं काय, एक आठ बाजूंचा फासा अधिक तिचा मॉडिफायर, म्हणजे तिच्या कौशल्याचा ठरलेला आकडा. दोन गॉब्लिनचे दोन फटके बसले की तेवढं गेलं. म्हणजे तिची पूर्ण टर्न देऊन आपण समोरच्याची एक टर्न पण नाही खाल्ली, फक्त त्यांनी केलेलं पुसत बसलो.

त्यापेक्षा हीलिंग वर्ड घ्या. फासा छोटा आहे, चार बाजूंचा, पण तो बोनस अ‍ॅक्शनमध्ये होतो (टर्नमध्ये मुख्य कामाशिवाय मिळणारं छोटं काम) आणि १८ मीटर लांबून होतो. पडलेला माणूस १ एचपीवर उठो की ३० वर, उभा राहिला की मारायला मोकळा. कबड्डीत पकड झाली की बाहेर बसलेला गडी आत येतो ना, तसं. म्हणून माझं आता असं मत झालंय की जखमी माणसाला हील करू नका, पडलेल्याला उठवा. अगदी दर वेळी नाही, समोर मोठा ओगर, म्हणजे धिप्पाड राक्षस, असेल आणि एका फटक्यात दोघं जाणार असतील तर वेगळं, पण दहातल्या आठ वेळा तरी हेच. आणि पोशन (औषधाची बाटली) प्रत्येकाने स्वतःचं स्वतः प्यावं, पिणं बोनस अ‍ॅक्शन आहे. दोघं शेजारी शेजारी पडले असतील तर बाटली त्यांच्यात फेका, दोघांना लागते.

मग क्लेरिकची मोकळी झालेली अ‍ॅक्शन कशाला? ब्लेस. पहिल्या लेव्हलचं साधं स्पेल, तीन जणांना प्रत्येक अटॅकला आणि सेव्हिंग थ्रोला (समोरच्याच्या जादूतून वाचायच्या फाशाला) चार बाजूंचा एक फासा जास्त. सरासरी अडीच. वीस बाजूंच्या फाशावर अडीच म्हणजे शंभरातले बारा-तेरा फटके जास्त लागणार, तिघांचे, दर राऊंडला. ते दिसत नाही स्क्रीनवर मोठ्या हिरव्या आकड्यात, म्हणून कोणाला किंमत नसते.

पण ब्लेसला कॉन्सन्ट्रेशन लागतं. एका माणसाला एका वेळी एकच कॉन्सन्ट्रेशनचं स्पेल धरता येतं, दुसरं टाकलं की पहिलं गेलं. आणि मार बसला की कॉन्स्टिट्यूशनचा, म्हणजे अंगातल्या चिवटपणाचा, चेक, तो हुकला की धरलेलं स्पेल गेलं, तो १० चा किंवा मिळालेल्या डॅमेजच्या निम्म्याचा, जे जास्त असेल ते. म्हणजे ९ चा फटका बसला काय किंवा १८ चा, चेक १० चाच, पण ३० चा बसला तर १५ चा. म्हणून क्लेरिकला मागे ठेवा, आणि फाईटच्या आधी विचारून घ्या की कोण काय धरणार आहे. आमच्या चौघांत कॉन्सन्ट्रेशनवाले दोघंच. क्लेरिक ब्लेस धरणार असेल तर होल्ड पर्सन (समोरच्याला जागी गोठवणारं स्पेल) विझार्डने धरायचं, कारण तेही कॉन्सन्ट्रेशनचंच आहे. आधी आम्ही हे कधी बोललोच नव्हतो, एकदा तर मैत्रिणीने होल्ड पर्सन टाकलं आणि ब्लेस गेलं ते पुढचे दोन राऊंड कोणाच्या लक्षात पण आलं नाही.

आणि हे कंट्रोल. माझ्या मते या गेममधला खरा टँक म्हणजे कंट्रोल करणारा विझार्ड. होल्ड पर्सन लागलं की समोरचा माणूस जागचा हलत नाही, त्याची टर्न गेली, आणि वर जवळून मारलेला लागलेला प्रत्येक फटका क्रिटिकल, म्हणजे जास्त जोराचा. शिवाय अ‍ॅडव्हान्टेज, म्हणजे दोन फासे टाकून मोठा घ्यायचा. जिथे ११ किंवा वर पडायला पाहिजे तिथे एरवी ५० टक्के चान्स असतो, अ‍ॅडव्हान्टेजने ७५ होतो. चालतं फक्त माणसासारख्या शत्रूंवर, पण गॉब्लिन आणि हॉबगॉब्लिन त्यात बसतात. आणि ग्रीस, पहिल्या लेव्हलचं ग्रीस, त्याला कॉन्सन्ट्रेशन पण लागत नाही. दारात सांडलं की जो घसरून पडला त्याची टर्न तिथेच संपली. फक्त ते पेट घेतं आणि आपला माणूस पण घसरतो, म्हणून दारात उभा राहणाऱ्याने, म्हणजे मी, एक पाऊल अलीकडे.

कोणावर काय टाकायचं हे कसं कळणार, तर शत्रूवर जाऊन एक्झामिन करा. सगळं लिहिलेलं असतं. ओगर अंगाने दांडगा, त्याला ढकलायला जाऊ नका, पण त्याचं विस्डम, म्हणजे मनाची ताकद, कमी असतं, त्याच्यावर कमांड हे हुकूम सोडायचं स्पेल टाका, एक टर्न उभा राहतो गुपचूप.

डॅमेजवाल्यांबद्दल फार बोलत नाही. ज्याला सगळे मारतायत त्यालाच मारा. उंचावरून मारा, लांबून मारणाऱ्याला उंचीचे २ जास्त मिळतात आणि खालून वर मारणाऱ्याचे २ जातात. आणि काठावर उभा असलेला शत्रू दिसला की तलवार विसरा, ढकलणं बोनस अ‍ॅक्शन आहे.

तर चौथ्या वेळी आम्ही दरबारात शिरायच्या आधी दहा मिनिटं फक्त बोलत बसलो. ढोलाकडे जाणारा गॉब्लिन कोणाचा? रोगचा, पहिल्या टर्नला, बाकी काही दिसलं तरी. ब्लेस कोण धरणार, होल्ड कोणावर? रॅग्झलिनवर. विझार्ड कुठे? वर, छताखालच्या तुळईवर, जिथे भाला पोहोचत नाही. मी दारात. आणि कोणीही कोणाला हील कर म्हणून सांगायचं नाही, मैत्रीण स्वतः ठरवेल.

(स्क्रीनवर: चौथ्या प्रयत्नाचं रेकॉर्डिंग सुरू)

आता पूर्ण फाईट लावतो, कट न करता, आमचे आवाज पण ठेवलेत. पहिल्या राऊंडला मैत्रिणीच्या टर्नकडे नीट बघा. माझे ११ एचपी उरलेत, मी माइकवर काहीतरी बोलायला जातो आणि थांबतो, आणि ती माझ्याकडे न बघता ब्लेस टाकते.