शिंपल्यांचं दुकान आणि रॉकेलचा डबा

श्रोतेहो, नमस्कार. आज गोष्ट आहे जहाजांची आणि रॉकेलची. खान्देशात बसून जहाजांच्या गप्पा, म्हणजे जरा जास्तच! आपली तापी उन्हाळ्यात गुडघाभर. पण रॉकेल मात्र आपल्या घराघरात होतं. ‘रॉक ऑइल’चं आपण रॉकेल केलं, आणि कंदिलाची काच राखेने पुसत त्यावर दोन पिढ्या काढल्या.

तर लंडनमध्ये सॅम्युअल नावाचं एक कुटुंब. बाप शंख-शिंपले विकायचा. समुद्रावर फिरायला येणाऱ्या बायकांसाठी शिंपले चिकटवलेल्या छोट्या पेट्या, हा त्याचा माल. पुढे मुलांनी, मार्कस आणि सॅम्युअल या भावांनी, पूर्वेकडच्या देशांशी व्यापार वाढवला आणि रॉकेलमध्ये उडी घेतली. आपल्याकडे केळीवाल्याच्या पोराने दुसरा धंदा काढला की अख्खा पार त्याच्या नावाने बोटं मोडतो. मला ते कधीच पटलं नाही. असो.

त्या काळी रॉकेल डब्यांतून यायचं. दोन डबे एका लाकडी पेटीत, अशा पेट्यांची थप्पी जहाजात. पूर्वेकडे जिकडेतिकडे अमेरिकेच्या स्टँडर्ड ऑइलचे निळे डबे. मार्कस म्हणाला, डबे हवेत कशाला? जहाजाच्या पोटातच तेल भरू. सुएझ कालव्याच्या कंपनीला आगीची धास्ती. तिच्या अटींत बसेल असं जहाज त्याने मुद्दाम बांधून घेतलं. नाव ‘म्युरेक्स’. हे एका समुद्री शंखाचं नाव, बरं का. १८९२ च्या ऑगस्टमध्ये काळ्या समुद्रावरच्या बाटूम बंदरातलं तेल पोटात घेऊन ते सुएझमधून पार झालं. सिंगापूर, बँकॉक. तेल स्वस्त, भाडं कमी. बाजी मारली म्हणायची!

आणि गिऱ्हाईक येईना.

का येईना? हिशेब असा होता की लोक आपापली भांडी घेऊन येतील. पण लोकांना नुसतं तेल नको होतं. लोकांना डबा हवा होता. पुन्हा सांगतो, तेल नव्हे, डबा! त्या निळ्या डब्याचं छप्पर व्हायचं, पिंजरा व्हायचा, चहाची गाळणी व्हायची. फुकटचा पत्रा कोण सोडतो? आमच्या मोठ्या मायला हे लंडनच्या शेठला सांगता आलं असतं. तिच्याकडे एका डब्यात दादर ज्वारी, एकात बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, आणि एक डबा तीन दगडांच्या चुलीवर, अंघोळीच्या पाण्याचा. वरच्या कडेला आडवी दांडी ठोकली की झाली बादली. आताचे प्लास्टिकचे कॅन दोन उन्हाळ्यांत तडकतात, आणि त्यांना आपण प्रगती म्हणतो.

मग सॅम्युअलांनी काय केलं? जहाज भरून पत्रा पाठवला आणि तिकडच्या आडत्यांना कळवलं, डबे तिथेच बनवा. रंग कोणता द्यायचा, अशी विचारणा आली. उत्तर गेलं, लाल. झालं! निळे डबे सातासमुद्रापार आदळत-आपटत, पोपडे निघून यायचे. लाल डबे तिथेच बनलेले, कोरे करकरीत. गिऱ्हाईक लालकडे वळलं. डबा वाचवायला निघालेला माणूस शेवटी डब्यामुळेच तरला.

बाकीचं थोडक्यात. १८९७ मध्ये त्यांनी कंपनी काढली, नाव शेल, म्हणजे शिंपला. १९०७ मध्ये डच कंपनीशी हातमिळवणी झाली. आपल्याकडे १९२८ पासून बर्मा-शेल. १९७६ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली, तीच आजची भारत पेट्रोलियम. मनमाडजवळच्या पानेवाडीहून टँकर निघतात ना, त्यांचं मूळ असं शिंपल्यांच्या दुकानात.

हे सगळं कळल्यावर मी गावी गेलो. गोठ्याच्या कोपऱ्यात तो पाणी तापवायचा डबा अजून आहे. म्हटलं, बघू तरी, लाल की निळा. विळ्याने काजळी खरवडायला बसलो. अर्धा तास खरवडलं. खालून निघाला पिवळा, गोडेतेलाचा!

मागे वहिनी उभी. म्हणाली, “कायले खरवडता भाऊ? काळा डबा लवकर तापतो. आता उद्या थंड पाण्यानेच अंघोळ करा.”