पेढ्याच्या डब्यातली बिलं

[दृश्य: पहाट. अजिंक्यताऱ्यावरून दिसणारं शहर. मग गोडोलीतलं एक घर, चटईवर पसरलेले कागद.]

साताऱ्यात कंदी पेढ्याचा रिकामा डबा सहसा कुणी टाकून देत नाही. कुणी त्यात सुया-दोरे ठेवतं, कुणी लाइटबिलं. या घरातल्या डब्यात क्रेडिट कार्डाची एकोणीस महिन्यांची बिलं निघाली. बरीचशी पाकिटं फोडलेलीसुद्धा नव्हती.

नाव सांगू नका, असं घरातल्यांनी सांगितलंय. आपण त्यांना दादा आणि वहिनी म्हणू. दादा एमआयडीसीत कामाला, पगार सात तारखेला. पहिलं कार्ड कंपनीच्या गेटवरच मिळालं. आधी मोबाइल, मग आईचं ऑपरेशन, मग मुलीची फी. भागेना तसं दुसरं कार्ड घेतलं आणि त्यातून रोख काढून पहिल्याचं बिल भरायला लागले. याची टोपी त्याला. कार्डावर रोख काढली की व्याज त्याच दिवसापासून सुरू होतं, शिवाय काढण्याचं शुल्क वेगळं. कार्ड देताना हे कुणी बोललं नव्हतं.

[दृश्य: पेन्सिल, वहीचं शेवटचं पान. कॅमेरा जवळ.]

ही पेन्सिल मुलीच्या कंपासपेटीतली. पाकिटं फोडून हिशेब मांडला तो वहिनींनी. आकडे नीट बघा.

पहिल्या कार्डावर बाकी १,००,०००. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे ३,५००. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ६३०. झाले ४,१३०. बिलावर ठळक छापलेली 'मिनिमम ड्यू', म्हणजे किमान भरायची रक्कम, ५,०००. दादा ती दर महिन्याला भरत होते, एकदाही चुकवली नाही. आणि मुद्दल हललं किती? ८७०.

पेन्सिल इथं थांबते. आम्हीही हे दृश्य कापलेलं नाही.

कार्ड वापरायचं पूर्ण बंद केलं आणि असेच पाच-पाच हजार भरत राहिलं, तरी हे एक लाख फिटायला ४४ महिने लागतात. भरलेली रक्कम होते २ लाख १६ हजारांच्या आसपास. आणि दादांचं कार्ड बंद कुठं होतं? किराणा त्याच्यावरच चालला होता. मागची बाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. त्या महिन्याच्या तूरडाळीवरसुद्धा पहिल्या दिवसापासून व्याज लागलं.

बिलाच्या खालच्या बाजूला एक बारीक ओळ आहे, वहिनींनी तिच्याखाली रेघ मारलीय. फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर परतफेड महिनोन् महिने, वर्षानुवर्षं लांबेल आणि व्याजावर व्याज चढेल, हा इशारा छापणं रिझर्व्ह बँकेनं सक्तीचं केलंय. तो ठळक अक्षरात, रकमेच्या शेजारी असायला हवा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

[दृश्य: एका वाड्यातला जुना कर्जरोखा, मोडी लिपी, कडा कुरतडलेल्या.]

हा कागद एका जुन्या वाड्यात बघायला मिळाला. १८७५ मध्ये पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातून असेच रोखे बाहेर काढून जाळले. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून सोडवण्यासाठी इंग्रज सरकारला कायदा करावा लागला. तो ज्या चार जिल्ह्यांसाठी केला, त्यात पुणे, अहमदनगर, सोलापूर आणि आपला सातारा. नुसता रोखा बघून निकाल देऊ नका, व्यवहार मुळापासून तपासा, असं त्या कायद्यानं कोर्टांना सांगितलं. तडजोडीसाठी सलोखा करणारी माणसं नेमली. आणि शेतकऱ्याला भरलेल्या पैशाची पावती मागायचा, वर्षाचा हिशेब लेखी मागायचा हक्क दिला. थकलेलं व्याज मुद्दलाच्या वर जाऊ द्यायचं नाही, हा दामदुपटीचा नियम तर त्याच्याही कितीतरी आधीचा.

आज कार्डाच्या व्याजाला अशी मर्यादा उरलेली नाही. वर्षाला ३० टक्क्यांवर व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये म्हटलं होतं. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. पण हिशेब मागायचा आणि सलोख्याला बसायचा रस्ता अजून मोकळा आहे. दादा-वहिनी त्याच रस्त्यानं गेले.

[दृश्य: पोवई नाक्यावरची गर्दी. दादा हातात लिफाफा घेऊन बँकेच्या पायऱ्या चढतात.]

फोनवर बोलणं बंद केलं, अर्ज लेखी दिला. उत्पन्न एवढं, घरखर्च एवढा, महिन्याला एवढेच भरू शकतो, कार्ड बंद करा, राहिलेल्या रकमेचे हप्ते पाडून द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला. तीन फेऱ्या झाल्या. शेवटी पहिल्या कार्डाची बाकी वर्षाला १८ टक्क्यांनी २४ हप्त्यांत बसवली. हप्ता जीएसटी धरून पाच हजारांच्या थोडा वर. खिशातून जाणारे पैसे जवळजवळ तेवढेच, पण ४४ महिन्यांचे २४ झाले.

कुणाची पगारदार पतसंस्था असेल, घरात सोनं असेल, तर तिथून कमी दरानं कर्ज काढून कार्ड एकरकमी मिटवणंही बरं. अट एकच, कार्ड पुन्हा बाहेर काढायचं नाही.

[दृश्य: स्टीलच्या ताटाशेजारी थरथरणारा मोबाइल. ताट वाजतं.]

दुसऱ्या कार्डाचे ६२,००० मात्र थकले होते आणि वसुलीवाले लागले होते. रात्री साडेनऊला फोन, दादांच्या मेहुण्यांना फोन. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचे नाहीत, नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२ मध्ये बजावलंय. वहिनींनी पेन्सिलीनं तारीख, वेळ, नंबर लिहून ठेवले आणि बँकेकडं लेखी तक्रार केली. बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं फुकट जाता येतं. माहितीसाठी नंबर १४४४८. या घरावर ती वेळ आली नाही. फोन थांबले.

मध्येच एक जण भेटला. पाच हजार आगाऊ द्या, सगळं कर्ज माफ करून देतो. अशा कर्जमाफीच्या जाहिरातींपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेनं डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर सांगितलंय. वहिनींनी त्याला दारातूनच परत पाठवलं.

[दृश्य: जिल्हा न्यायालयाचं आवार. बाकावर बसलेली माणसं, हातात नोटिसा.]

मग या दुसऱ्या कार्डासाठी लोकअदालतीची नोटीस आली. दादांना वाटलं, अटक होणार. तसं काही नसतं. तो समेटाला बसायचा निरोप असतो. कोर्ट फी नाही, वकील लागतोच असं नाही. तिथं झालेल्या तडजोडीला कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकी किंमत असते, पुढं अपील नाही. म्हणून झेपेल तेवढ्याच आकड्यावर सही करायची. ४५,००० वर मिटलं, तीन हप्त्यांत. पहिला हप्ता वहिनींच्या भिशीतून गेला. रक्कम, तारखा आणि 'पूर्ण व अंतिम' हे शब्द कागदावर आल्यावरच पैसे भरले, तेही थेट कार्डाच्या खात्यात. एजंटाच्या मोबाइलवर एक रुपयाही नाही.

सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, आता 'सेटल्ड' असा शेरा आहे, पुढं घरकर्ज काढताना तो आडवा येईल.

[दृश्य: रात्र. चटई, वही, पेढ्याचा डबा.]

जुनी बिलं वहिनींनी सुतळीनं बांधून माळ्यावर ठेवली. डब्यात आता पावत्या आहेत. पहिल्या कार्डाच्या अकरा, दुसऱ्याच्या तीन आणि बेबाकीचा दाखला. वहीत बाराव्या हप्त्यासमोर तारीख लिहिलीय, आठ. पगाराच्या दुसऱ्या दिवसाची.