इवामाच्या अंगणातली काठी

ओकच्या पांढऱ्या लाकडाची एक काठी. लांबी साधारण १२८ सेंटिमीटर, जाडी मुठीत मावेल एवढी. लाठीपेक्षा बरीच आखूड. तिला धार नाही, मूठ नाही, पुढचं टोक कुठलं आणि मागचं कुठलं तेही ठरलेलं नाही. जपानीत हिला 'जो' म्हणतात.

आता फक्त हात बघा. मागचा हात काठी पुढे ढकलतो. पुढचा हात तिला वाट देतो, बस. लाकूड तळव्यावरून सर्रकन सरकतं आणि कंबर थांबते तिथेच थांबतं. आयकिडो या जपानी युद्धकलेतला काठीचा हा पहिला धडा: चोकु-त्सुकी, म्हणजे सरळ भोसकणं.

(दृश्य: झाडांमधलं मोकळं अंगण, पहाट)

टोकियोच्या ईशान्येला, इबाराकी प्रांतात इवामा नावाचं गाव आहे. १९४२ साली आयकिडोचे जनक मोरिहेई उएशिबा टोकियो सोडून इथे आले. वयाची साठी जवळ आली होती. होक्काइदोमध्ये सोकाकु ताकेदांकडून १९१५ पासून शिकलेली दाइतो-र्यू ही नि:शस्त्र झुंजीची विद्या अंगात मुरली होती, आणि त्या विद्येतून त्यांची स्वतःची वाट फुटत होती. इवामात त्यांनी शेती केली, देऊळ उभारलं आणि काठी-तलवारीचा सराव केला.

१९४६ मध्ये अठरा वर्षांचा एक मुलगा त्यांच्या दारात आला. मोरिहिरो साइतो. नोकरी रेल्वेत, एक दिवस ड्युटी, एक दिवस सुट्टी. युद्धानंतरचे ओढगस्तीचे दिवस होते. बाकीचे शिष्य पोटापाण्यामागे पांगले. साइतोंच्या सकाळी मात्र मोकळ्या असायच्या, म्हणून गुरूच्या काठीसमोर उभं राहायला अनेकदा तेच एकटे असत.

उएशिबा नाव सांगत नसत, क्रमही सांगत नसत. आज हा वार, उद्या वेगळाच. साइतोंनी ते सगळं मनात साठवलं आणि पुढे नीट लावून ठेवलं: एकट्याने घोटायचे वीस सुटे वार, म्हणजे सुबुरी, एकतीस हालचालींचा काता, म्हणजे ठरलेला क्रम, मग जोडीने करायचे काठीचे सराव, कुमिजो. काहींना ही मांडणी फार काटेकोर वाटते. मला तिच्याबद्दल कृतज्ञता वाटते. तिच्यामुळेच इवामा कधीही न पाहिलेल्या माणसाच्या हातातही ही काठी पोचली.

(दृश्य: तातामीवर, म्हणजे सरावाच्या चटईवर, दोघं समोरासमोर)

इवामाच्या पद्धतीत वर्ग सुरू होतो तो मनगट धरण्यापासून. हल्ला करणारा तो उके. तो मनगट धरतो, आणि अगदी खरं धरतो. करंगळीपासून आवळत आणलेली पकड, तळवा पूर्ण चिकटलेला. तिथे ताकदीला ताकद लावली की दोघंही खांबासारखे ताठ होतात. म्हणून धरलेला हात तिथेच राहू द्यायचा, बोटं उघडायची आणि आपण वळून त्याच्या बाजूला जायचं. आता दोघं एकाच दिशेला बघत असतात.

या जोडलेपणाला जपानी शब्द आहे मुसुबी, म्हणजे गाठ. मराठीतही दोन माणसं भेटली की त्यांची 'गाठ पडली' असंच आपण म्हणतो.

काठी हातात आली की ही गाठ दिसेनाशी होते. कोणी कोणाला धरलेलं नाही, मध्ये दोन पावलांचं अंतर. सुरुवातीला मी समोरच्या काठीच्या टोकाकडे बघायचो आणि दर वेळी उशीर व्हायचा. टोक हलतं तेव्हा वार निघून गेलेला असतो. त्याआधी मागचा पाय जड होतो, खांदा किंचित पुढे येतो, श्वास बदलतो. बघायचं ते हे सगळं, एकदम, नजर कुठेही न रोवता. मग त्याचा वार आणि माझं सरकणं एकाच क्षणी निघतं. काठी छातीपासून चार बोटांवरून निघून जाते आणि माझी त्याच्या मनगटावर येऊन थांबते.

आणि कधी जोडीदार आपली काठीच धरतो. ओढाल तर रस्सीखेच. टोक त्याच्याकडेच राहू द्यावं, कंबर वळवावी, काठी त्याच्या डोक्यावरून गोल न्यावी. आधाराला म्हणून धरलेलं लाकूडच त्याला तोलाबाहेर नेतं. तो लोळण घेतो, उठतो, पुन्हा धरायला येतो.

चार वेळा त्याने पडायचं, मग चार वेळा मी. पडणाऱ्याला इथे हरलेला म्हणत नाहीत. या परंपरेत सामनेच नाहीत.

(दृश्य: वर्गाचा शेवट)

शेवटी दोघं गुडघ्यांवर समोरासमोर बसतात. एक जण दोन्ही मनगटं धरतो. दुसरा श्वास सोडत हात वर नेतो, हळू, जणू काठी अजून हातातच आहे.