पोटऱ्या दाबून बघा
(माहितीपटाचं निवेदन)

[सकाळ. पाणी भरलेले मळे, पॉवर टिलर, तरवा काढणाऱ्या बायका.]

आषाढात कुडाळच्या आसपास दिवसा घरी माणूस सापडत नाही. सगळं गाव मळ्यात असतं. पेज पिऊन बायका तरवा, म्हणजे भाताची रोपं, काढायला बसतात. रोप मुळासकट उपटायचं, मुळांचा चिखल पायावर आपटून झाडायचा, जुडी बांधायची आणि मागे टाकायची. पलीकडच्या मळ्यात चिखलणी चाललेली असते. पाणी, माती, शेण आणि गेल्या सालची कुजलेली मुळं यांचा लोण्यासारखा गाळ होतो. त्यात उतरायचं ते अनवाणीच. गमबूट घातला तर दुसऱ्या पावलालाच चिखलात रुततो, असं बायका सांगतात. आम्हीही घालून पाहिला. त्यांचं म्हणणं खरं आहे.

[पायांचा क्लोजअप.]

हे पाय पाहा. बोटांच्या बेचक्यातली कातडी पांढरी पडून सोललीय. या चिखल्या. टाचेला भेगा आहेत, त्यांत रात्री कोकमाचं तेल भरायचं आणि सकाळी परत चिखलात जायचं. लावणीच्या दिवसांत हे इतकं रोजचं आहे की याला कोणी जखम म्हणत नाही.

पण ही जखमच आहे, आणि ती उघडी आहे.

[बांधातली बिळं. गोठा. मळ्यात उतरणारं पाणी.]

उंदीर कॅमेऱ्यात आला नाही, बांधातली त्याची बिळं मात्र जागोजाग दिसली. उंदरांच्या, गुरांच्या, कुत्र्यांच्या लघवीतून एक जिवाणू पाण्यात उतरतो. त्याचं नाव लेप्टोस्पायरा. तो ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात कित्येक आठवडे तग धरतो, उन्हात सुकला की मरतो. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. श्रावण सरेपर्यंत इथली माती सुकायची कुठून?

[सूक्ष्मदर्शकातलं दृश्य.]

काळ्या पार्श्वभूमीवर वळवळणारे हे चकाकते धागे म्हणजेच तो जिवाणू. मळसूत्रासारखा पीळ आणि टोकाला आकडा. प्रश्नचिन्हासारख्या या आकारावरूनच त्याच्या एका जातीला ‘इंटेरोगन्स’ नाव मिळालं. या आजाराचं कावीळ आणि मूत्रपिंडांपर्यंत जाणारं गंभीर रूप जर्मन डॉक्टर अडोल्फ वाइल यांनी 1886 मध्ये नोंदवलं. आपल्याकडे लोक त्याला लेप्टो म्हणतात. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईकरांनाही हा शब्द चांगलाच माहीत झाला.

[घर. खाटेवर काकी.]

या काकींना लावणी सुरू झाल्यावर नवव्या दिवशी ताप आला. थंडी वाजली, डोकं ठणकलं, अंग मोडून आलं. पावसात भिजलं की असा ताप येतोच म्हणून त्यांनी गोळी घेतली आणि पांघरूण ओढून झोपल्या. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि काकी परत मळ्यात गेल्या. सहाव्या दिवशी तो पुन्हा चढला.

या उताराला फसू नका. ताप उतरून, बरं वाटून पुन्हा चढला, तर त्या दिवशी दवाखाना गाठायचाच. मग तो लेप्टो असो की साध्या फ्लूनंतर छातीत उतरलेला न्यूमोनिया.

[आशाताई पोटरी दाबतात. काकी पाय ओढून घेतात.]

हे दृश्य आम्ही मुद्दाम कापलं नाही. आशाताईंनी पोटरीला बोटं लावली मात्र, काकींनी पाय मागे घेतला. “दिवसभर वाकान लावणी केली, तर पाय दुखतलेच मां,” असं त्या म्हणत होत्या. कामाने दुखणारी पोटरी चेपली की बरं वाटतं. ही नुसतं बोट लागलं तरी कळवळायला लावते. मग आशाताईंनी डोळे पाहिले. लालभडक होते, पण त्यांत चिपडं नव्हती. नाक वाहत नव्हतं, शिंका नव्हत्या. शेवटी त्यांनी विचारलं, “काकी, लघवी किती वेळा झाली?” काकींना आठवून सांगावं लागलं: काल सकाळी एकदा.

आशाताईंनी तिथूनच गाडी बोलावली.

[प्राथमिक आरोग्य केंद्र. रक्ताची नळी.]

डॉक्टरांनी काकींना सगळ्यात आधी विचारलं, “मळ्यात होता का?” प्रत्येक डॉक्टर हे विचारेलच असं नाही, म्हणून आपणच सांगायचं. शहरातल्या मुलाकडे जाऊन आजारी पडलात, तर तिथे हमखास सांगायचं. चिखलात उतरल्यापासून महिन्याभरात कधीही ताप येऊ शकतो, आणि शहरातल्या डॉक्टरला तुमच्या पायाचा चिखल दिसत नाही.

रक्तातली प्रतिपिंडं पहिल्या काही दिवसांत पुरेशी वाढलेली नसतात. त्यामुळे त्यांची तपासणी निगेटिव्ह आली म्हणजे लेप्टो नाहीच, असं होत नाही. संशयावरच औषध सुरू करावं लागतं, आणि ते लवकर सुरू झालं तर उपयोग जास्त. अंगदुखी थांबवायला दुकानातून मागून घेतलेली डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं मात्र इथे घातक ठरू शकतात. मूत्रपिंडं आधीच आजाराशी झुंजत असतात.

धाप लागणं, थुंकीत रक्त, पिवळे डोळे, बरळणं, लघवी आटणं. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका.

[वाडीवर गोळ्या वाटणाऱ्या आशाताई.]

लेप्टो होऊ नये म्हणून लावणीच्या हंगामात आशाताई डॉक्सिसायक्लिनची गोळी देतात. त्या सांगतील तशी, आठवड्यातून एकदा, जेवल्यावर घ्यायची. गरोदर बायकांना आणि लहान मुलांना ती देत नाहीत. आशाताईंच्या पिशवीत वही आहे, वहीत प्रत्येक घर आहे. “घेतलेली,” असं सांगून गोळी फळीवर ठेवणारी घरंही त्यांना ठाऊक आहेत. अशा घरात त्या पाण्याचा तांब्या मागतात आणि गोळी पोटात जाईपर्यंत उंबऱ्यावर बसून राहतात.

[काकींचं घर. ओटी.]

काकींचं दोन वेळा डायलिसिस झालं. अठराव्या दिवशी त्या घरी आल्या. त्यांच्या धाकट्या दिरांना गेल्या साली याच दिवसांत ताप आला होता. ते आले नाहीत.

[भिंतीवरचा फोटो. खाली फळीवर गोळ्यांचं पाकीट. काकी त्यातली एक गोळी काढतात. निवेदन नाही, फक्त पावसाचा आवाज.]