कागद अडून बसतो

घड्या घातलेल्या प्लास्टिकची आमची टांगती रचना कशी झाली, ते या फिल्ममध्ये. सुरुवात या टेबलावर. एक कागद, एक पट्टी आणि शाई संपलेलं बॉलपेन. शाई नकोच, नुसता दाब हवा. रेघ दाबली की कागद बरोबर तिथेच मोडतो.

ही मिउरा घडी. दोन कोपरे ओढले की सगळा कागद एका दमात उलगडतो, ढकलले की मिटतो. 1995 मध्ये अवकाशात गेलेल्या जपानच्या ‘स्पेस फ्लायर युनिट’ या यानावर हीच घडी होती.

सांधा जवळून पाहा. चार घड्या भेटतात : तीन डोंगर, म्हणजे वर उठलेल्या, आणि एक दरी, म्हणजे आत गेलेली. चार कोनांतले एकाआड एक घ्या, बेरीज 180 अंश यायलाच हवी. नाही आली, तर कागद सपाट मिटत नाही. अडून बसतो.

आता स्क्रीन. राइनो या त्रिमितीय आराखड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्रासहॉपर उघडलंय, नियमांवरून आकार घडवणारं त्याचं साधन. डबे आणि त्यांना जोडणाऱ्या तारा. इथे चित्र कुणी काढत नाही. कोण कुणावर अवलंबून, तेवढं ठरवायचं. कोनाचा स्लायडर 55 वरून 70 वर नेला आणि 9 रांगांतली 216 मॉड्यूल्स, म्हणजे रचनेचे एकसारखे तुकडे, एकदम हलली. देखणं आहे, कबूल. पण स्क्रीन कधी अडून बसत नाही, आणि आमची पंचाईत तिथेच झाली.

स्क्रीनवरच्या शीटला जाडी नव्हती. आमच्या पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकला होती, 0.8 मिलिमीटर. त्यामुळे एका जोडात अर्धा मिलिमीटर फरक पडला, म्हणजे रांगेच्या 23 जोडांत साडेअकरा. हे बघा शेवटचं भोक, आणि हा त्याच्यापासून बोटभर लांब राहिलेला, तुकडे जोडणारा रिव्हेट. पुन्हा कागदावर आलो. मग जाडीचाही स्लायडर आला, गोल भोकांच्या लांबट खाचा झाल्या.

लेझर. डोंगराची रेघ पुढून अर्धवट कापायची, दरीची मागून. म्हणजे प्रत्येक शीट उलटायची, तीही केसभर न सरकवता. कोपऱ्यातल्या या दोन खुंट्या त्यासाठीच. कडेला कोरलेत रांग आणि जागा यांचे आकडे. ते नसते तर हा नुसता ढीग.

घड्या मात्र हातानेच. डब्याच्या झाकणाची पातळ बिजागरी असते ना, त्याच जातीचं हे प्लास्टिक. मोडत राहा, तुटत नाही. तिसऱ्या दिवशी बोटांना पट्ट्या लागल्या.

आठ दिवस टांगलं, मग रांगा सुट्या करून मिटवल्या.

हा त्याआधीचा, टांगण्याचा दिवस. दोऱ्या वर चालल्यात.

(इथून पुढे निवेदन नाही.)