शाळेची रद्दी कोण निवडतं

(लघुमाहितीपटाचं निवेदन)

[व्हरांडा. पोतं रिकामं होतं.]

पुण्यातल्या महापालिकेच्या एका शाळेचा हा कोरडा कचरा. वह्यांची फाडलेली पानं, खडूंचे पुठ्ठ्याचे डबे, पाण्याच्या बाटल्या, संपलेली पेनं, पेन्सिलींची सालं. आणि या सगळ्यावर चमचमणारी वेफर्सची पाकिटं.

कचरा वेचणाऱ्या मावशी पदर खोचून खाली बसतात आणि हात सुरू होतो. या हाताकडे नीट बघा. पान उचललं की अंगठ्यानं एकदाच चोळतात. मेणचट लागलं तर ते बाजूला, साधं लागलं तर पांढऱ्या कागदाच्या ढिगात. वहीचं कव्हर एका झटक्यात वेगळं, पिन उपटलेली. बाटलीचं झाकण काढून दुसऱ्या पिशवीत, कारण बाटलीचं प्लास्टिक एक आणि झाकणाचं दुसरं. दोन्ही एकत्र वितळवलं तर माल बिघडतो. हे मावशी कुठल्या पुस्तकात शिकलेल्या नाहीत. भंगाराच्या दुकानात, काट्यासमोर उभं राहून शिकल्या आहेत.

[मुली भोवती उकिडव्या बसलेल्या. पेनांचा ढीग.]

पेनं मात्र त्या ढकलून देतात. मुली विचारतात, "मावशी, पेन का नको?" मावशी एक पेन उघडून दाखवतात. नळी एका प्लास्टिकची, टोपण दुसऱ्याच, टोकाला पितळ, आत लोखंडी स्प्रिंग, रिफिलमध्ये उरलेली शाई. "एवढं सगळं सुटं करत बसलं तर दिवस जाईल, बाळा. आन् त्याचं कुणी काय देत न्हाई."

पाकिटाचंही तेच. बाहेर छपाई, आत चांदीसारखा दिसणारा अ‍ॅल्युमिनियमचा थर, त्याच्याही आत प्लास्टिक. सगळे थर एकमेकांना घट्ट चिकटवलेले. ते वेगळे करणं कुणाला परवडत नाही, म्हणून दुकानदार घेत नाही, आणि दुकानदार घेत नाही म्हणून ते वेचलं जात नाही. २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांनी या वेष्टनांची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवरही टाकली आहे. ते पाकीट मात्र अजून शाळेच्या फाटकाबाहेर पाच-दहा रुपयांना मिळतं आणि मधल्या सुट्टीत मैदानात पडतं.

[परिपाठ. मैदानात मुलांच्या रांगा.]

रीसायकलिंग म्हटलं की शाळांमध्ये आधी घोषवाक्य स्पर्धा होते. मग ओल्या आणि सुक्या कचऱ्याचे दोन रंगीत डबे येतात. महिन्याभरात दोन्ही डब्यांत सारखाच कचरा पडायला लागतो. या शाळेनं सुरुवात वेगळी केली. प्रभागात रोज कचरा गोळा करणाऱ्या मावशींनाच परिपाठाला बोलावलं आणि विचारलं, तुम्हाला काय हवं?

त्यांनी एकच गोष्ट मागितली. कागद कोरडा द्या.

ऐकायला सोपी, पण शाळेत फार अवघड. दुपारी पोषण आहार असतो. खिचडीचं ताट धुण्याआधी उरलेलं शीत कुठंतरी झटकलं जातं, आणि ते नेमकं वर्गातल्या डब्यात पडतं. ओला झालेला, तेलकट झालेला कागद मातीमोल. सकाळभर जमलेली चांगली रद्दी एका मुठीएवढ्या खिचडीनं वाया जाते.

[स्वयंपाकघराबाहेर. निळं पिंप, मुलांची रांग.]

म्हणून शाळेनं नियम वर्गाला नाही, ताटाला लावला. खाल्ल्यावर वर्गात जायचंच नाही. आधी पिंपापाशी यायचं, उरलेलं त्यात टाकायचं, ताट धुवायचं, हात पुसायचे, मग वर्ग. पिंपातलं मागच्या खड्ड्यात जातं, त्यावर वाळलेला पाला, त्यावर माती. पाचवीतला हा मुलगा रांगेवर लक्ष ठेवतो. कुणी मध्येच सटकलं की त्याला परत आणतो. त्याचा चेहरा पुरेसा बोलतो, आपण काही सांगायला नको.

[जुनी छायाचित्रं.]

इथं थोडं थांबून मागे जायला हवं. शाळेच्या कचऱ्याची गोष्ट सांगताना मावशींना 'मदतनीस' म्हणून उरकून टाकणं आम्हाला मान्य नाही.

पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायकांशी एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून काही कार्यकर्त्यांचा संबंध आला. साक्षरता शिकवायला गेलेल्या या कार्यकर्त्या बायकांबरोबर वस्त्यांमधून फिरल्या. दिसलं ते असं: पाठीवर पोतं दिसलं की संशय, चोरीचा आळ, हुसकावणं. उकिरड्यात हात घालून माल काढायचा आणि वर ऐकून घ्यायचं. १९९३ साली कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांच्या साथीनं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. वेचणं हेही काम आहे आणि ते करणारे कामगार आहेत, ही तिची पहिली मागणी. पुढे ओळखपत्रं आली. खांद्यावर पोतं असलेल्या बाईकडे पहिल्यांदा महापालिकेनं मान्य केलेलं कार्ड आलं. याच पंचायतीतून 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था झाली, आणि २००८ मध्ये पुणे महापालिकेशी करार करून तिच्या सभासद घरोघरी कचरा घ्यायला लागल्या.

या बायकांची अनेक मुलं महापालिकेच्याच शाळांमध्ये शिकतात. या व्हरांड्यातही आहेत. कोणती, ते आम्ही दाखवणार नाही.

[वर्ग. बादल्या, चाळणी, मिक्सर.]

आता मुलांचा सगळ्यात लाडका तास. कार्यानुभवाचा.

रात्रभर भिजवलेली वहीची पानं. मिक्सरमध्ये फिरवली की राखाडी लगदा होतो. तो पसरट घमेल्यात पाण्यात सोडायचा. जाळी ठोकलेली लाकडी चौकट तिरकी आत बुडवायची, सरळ करायची आणि हळूच वर उचलायची. हात हलला की एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला भोक. बघा, हिचा पहिला कागद फाटला. दुसराही. तिसरा जुन्या चादरीच्या तुकड्यावर नीट उतरला. जवळून पाहिलं तर त्यात निळ्या शाईचे ठिपके दिसतात, कुणाच्या तरी गणिताचे.

शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत १९४० पासून हीच क्रिया मोठ्या प्रमाणावर होत आली आहे, पण तिथं सुती चिंध्यांचा लगदा लागतो. सुताचा तंतू लांब, म्हणून तो कागद टिकतो. वहीच्या कागदाचा तंतू आधीच आखूड, आणि दर फेरीत आणखी तुटतो. पाच-सात फेऱ्यांनंतर तो कागद धरून ठेवू शकत नाही. मुलांना हे चौकट हातात आल्यावर कळतं. मग पाठकोरं पान फाडताना हात जरा थांबतो.

शाळेची बाकी रद्दी मावशींकडून दुकानात, दुकानातून ठोक व्यापाऱ्याकडे आणि तिथून कागद गिरणीत जाते. आपल्या देशातल्या गिरण्या परदेशातून रद्दी विकत आणतात, कारण इथं पुरेशी रद्दी चांगल्या अवस्थेत गोळा होत नाही. आणि जी गोळा होत नाही ती कुठं जाते, हे पुण्याचा कचरा डेपो जिथं झाला त्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी आपल्या विहिरींच्या पाण्यात वर्षानुवर्षं पाहिलं आहे.

[काटा. गोणी दुचाकीवर चढते.]

रद्दीचे पैसे कुणाचे? काही शाळा रद्दी स्वतः विकून खेळाचं साहित्य आणतात. हेतू चांगला, पण मग मावशींच्या वाट्याला फक्त पाकिटं आणि पेनं उरतात. या शाळेनं ठरवलं: वर्गातला सगळा कोरडा माल मावशींचा. आम्हाला हे बरोबर वाटतं. चेंडूसाठी अनुदान मागता येतं, मावशींची रोजची कमाई या गोणीतच आहे.

सातवी-आठवीच्या मुलींसाठी स्वच्छतागृहात कागद आणि लाल रंग ठेवला आहे. पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका द्यायचा, म्हणजे निवडणारीला ते उघडून बघावं लागत नाही. ही पद्धत 'स्वच्छ'च्या सभासदांचीच.

मावशी अजून व्हरांड्यात फरशीवर बसून निवडतात. पावसाळ्यात तीही जागा भिजते. महापालिकेच्या प्रत्येक शाळेत निवडायला एक पत्र्याची शेड, हात धुवायला नळ, हातमोजे, आणि शाळेचा कोरडा कचरा त्या प्रभागातल्या कचरावेचकालाच देण्याचं लेखी पत्र, एवढं तरी पुढच्या जूनच्या आत व्हायला हवं. या शाळेचा अर्ज गेलेला आहे.